झिजलेला चेहरा : योरुबा विचार आणि आजची कला

निळाई (धागाकर्ती)

सहा वर्षं नायजेरियातल्या लेगोसमध्ये काढून परत आले त्याला आता चार वर्षं होतील. भेटेल तो विचारतो ते ठरलेलं असतं. चोऱ्यामाऱ्या किती, वीज किती वेळ जायची, आपल्या भाज्या मिळायच्या का. ज्याबद्दल मला सांगावंसं वाटतं, ती तिथल्या योरुबा लोकांची कला, तिच्याबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून शेवटी इथे लिहायला बसले. लांबणार आहे, सांभाळून घ्या.

आमच्या घरमालकीणबाईंना सगळी गल्ली ‘इया इबेजी’ म्हणायची. इया म्हणजे आई, इबेजी म्हणजे जुळी. तिकडे बाईला मुलाच्या नावाने हाक मारतात आणि जुळ्यांच्या आईला हा वेगळा मान असतो. एकदा त्यांच्याकडे रंगकाम निघालं तेव्हा कपाटातलं सामान त्यांनी आमच्या घरी आणून ठेवलं. त्यात जुन्या कापडात गुंडाळलेली एक लाकडी बाहुली होती, वीतभर उंचीची. हातात घेतली आणि बघतच राहिले. नाक जवळजवळ सपाट. डोळ्यांच्या जागी नुसते दोन उंचवटे. गालांवरच्या कुळाच्या रेघा बोटांना लागत होत्या, डोळ्यांना दिसत नव्हत्या. केसांचा उंच अंबाडा मात्र गर्द निळा, आणि खाचांमध्ये तांबडी पूड घट्ट बसलेली. लाकूड इतकं गुळगुळीत की नदीतला गोटाच हातात घेतल्यासारखं वाटलं.

मी म्हटलं, अरेरे, खराब झाली. त्या म्हणाल्या, "खराब कसली? माझ्या आजेसासूने धुऊन धुऊन अशी केलीय."

योरुबा लोकांत जुळी होण्याचं प्रमाण जगातल्या सर्वांत जास्त प्रमाणांपैकी आहे. इग्बो-ओरा हे गाव तर त्यासाठीच ओळखलं जातं. पूर्वी त्यातली पुष्कळ बाळं दगावत. जुळ्यांचा जीव एकच, एक गेलं की दुसऱ्यालाही ओढ लागते, असा समज होता. मग घरचे लोक बाबालावोकडे, म्हणजे इफा ह्या भविष्यविद्येचा कौल सांगणाऱ्याकडे जात आणि त्याच्या सांगण्यावरून गेलेल्या बाळाची मूर्ती कोरून घेत. आई तिला न्हाऊ घाले, जेवू घाले, कापड नेसवी. अंगाला तांबड्या लाकडाची पूड चोळायची, केसांना नीळ. पुढे कपड्यांना घालायची तयार नीळ बाजारात आली तशी बायका तीच वापरू लागल्या. रेकिट कंपनीची. आपल्या आज्यांच्या मोरीत रॉबिन ब्ल्यूची पुडी असायची, ती ह्याच कंपनीची. हे कळलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

मूर्ती बाळाची असली तरी अंग मोठ्या माणसाचं असतं. भरलेले खांदे, वाढलेली छाती. जे मूल वाढलंच नाही त्याला कोरणाऱ्याने पूर्ण वाढवून आईच्या हातात दिलेलं असतं. आणि डोकं? अंगाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढं. कारण ‘ओरी’ म्हणजे डोकं, आणि ओरी म्हणजेच माणसाचं आतलं नशीब.

आता मला जे सांगायचंय ते. योरुबात एक वचन आहे, ‘इवा लेवा’. एवा म्हणजे सौंदर्य. इवा ह्या शब्दात दोन अर्थ एकत्र नांदतात : असणं आणि वागणं. वस्तूचं, माणसाचं जे खरं असणं आहे तेच त्याचं सौंदर्य. कलेचे अभ्यासक रोलंड अबिओदुन ह्यांनी ह्यावर आयुष्यभर लिहिलंय. इफाच्या कवनांत ह्याची एक गोष्टच आहे. ओरुनमिला हा ज्ञानाचा देव, त्याची बायको इवा. इवाचा बाप सुउरू, म्हणजे धीर. ओरुनमिला बायकोला नीट वागवत नाही, ती घर सोडून जाते. ती जाताच त्याच्याकडे येणारे थांबतात, मान जातो, पैसा जातो. मग तो गावोगाव तिला शोधत फिरतो. ज्ञान आहे, विद्या आहे, पण इवा घरात नाही.

ही गोष्ट कळल्यावर मला ती बाहुली पुन्हा दिसली. कोरणाऱ्याने दिलेलं नाकडोळं गेलंय आणि त्या जागी एका बाईचे हजारो दिवस आलेत. ते काम सुरू केलं कोरणाऱ्याने आणि पुरं केलं तिने.

आणि माझं म्हणणं असं की गेल्या साठ-पासष्ट वर्षांत योरुबा विचारातून जी नवी कला आली, तिच्यातली खरी जिवंत कामं ह्याच जातीची आहेत. त्यांना कुणीतरी सांभाळावं लागतं. सांभाळण्यासकट ती पूर्ण होतात.

ओशोग्बोचं उदाहरण घ्या. लेगोसहून रस्त्याने पाच-सहा तास. गावाला लागून ओशुन नदी आणि नदीकाठी तिची देवराई, ७५ हेक्टरची. गाव कसं वसलं त्याची कथा अशी : दुष्काळात पाणी शोधत आलेल्या लोकांनी काठावरचं झाड तोडलं, ते नदीत पडलं, आणि पाण्यातून आवाज आला, "रानातल्या जादूगारांनो, माझे निळीचे सगळे रांजण फोडलेत तुम्ही!" म्हणजे देवी रंगारीण! आजही ओशोग्बो निळीच्या कापडासाठी प्रसिद्ध आहे.

१९५० च्या दशकात ही देवराई उजाडत चालली होती. पुजारी पांगले होते, बंदी मोडून झाडतोड, शिकार, मासेमारी सुरू होती. ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये १९१५ साली जन्मलेली सुझान वेंगर ही चित्रकर्ती १९५० मध्ये नायजेरियात आली, क्षयाने जवळजवळ गेली, वाचली, आणि एदे गावच्या, ओबाताला ह्या योरुबा देवाच्या पुजाऱ्याकडून दीक्षा घेऊन तिथलीच झाली. लोक तिला अदुन्नी म्हणत. तिने गवंडी, सुतार, लोहार जमवले आणि मोडलेली देवळं उभी करायला घेतली. अदेबिसी अकांजी मुळात गवंडी. बुराइमो ग्बादामोसी दगड-लाकूड कोरणारे. कासाली अकांग्बे कोरक्यांच्या घराण्यातले. ह्या लोकांनी मातीत, सिमेंटमध्ये जे केलं ते जुन्या मूर्तींची नक्कल नाही. झाडांएवढे उंच हात, पंखांसारखी छपरं, भिंतीतून वर येणारी कासवं आणि माणसं. १९६५ मध्ये देवराईला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला, २००५ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव गेलं. वेंगर २००९ मध्ये तिथेच वारली, ९३ व्या वर्षी.

मी ऑगस्टच्या उत्सवात गेले होते. अरुग्बा, म्हणजे देवीचा नैवेद्य डोक्यावरच्या भोपळ्याच्या भांड्यात घेऊन जाणारी कुमारिका, गर्दीतून चालत गेली आणि हजारो माणसं एकदम गप्प झाली. पण माझ्या लक्षात राहिलं ते वेगळंच. परतताना एका भिंतीशी एक माणूस खाली बसून, थापीने एका कासवाच्या पाठीवरची भेग भरत होता. उत्सव चालू, ढोल चालू, आणि हा आपला भेग भरतोय. मी विचारलं, मूर्तिकार का? तो म्हणाला, माझे वडील ह्या भिंतीवर होते, आता मी आहे.

तुम्हाला काय वाटतं ते लिहा. मला ह्यावर बोलायचंय.

मृण्मयी

फार आवडलं. वाचनखूण साठवली. कासवाची भेग भरणारा माणूस डोळ्यांसमोर आला.

एक शंका. आफ्रिकी मानवतावाद म्हटलं की ‘उबुंटू’ ऐकलंय, मी आहे कारण आपण आहोत, असं काहीसं. तेच का हे?

दूरदेशी

मृण्मयी, नाही. उबुंटू दक्षिणेकडचा, न्गुनी भाषांतला शब्द. लेगोस आणि जोहान्सबर्गमध्ये अंतर साडेचार हजार किलोमीटर. आपण आफ्रिका म्हटलं की एकच गाव डोळ्यांपुढे आणतो, ती सवय मोडायला हवी, म्हणून मुद्दाम लिहितोय.

योरुबांकडे त्या जागी ‘ओमोलुआबी’ हा शब्द आहे. फोड अशी सांगतात की इवाच्या धन्याने जन्माला घातलेलं मूल. बोलणं नेमकं, मोठ्यांचा मान, दुसऱ्याबद्दल मनात चांगलं, सत्य, धाडस, कष्ट, शहाणपण, हे सगळं ज्याच्याकडे तो ओमोलुआबी. घराण्याने किंवा पैशाने होता येत नाही. मोठ्या माणसाचाही हा शब्द काढून घेता येतो.

आणखी एक म्हण मला आवडते. लहान मुलाचा हात फळीला पुरत नाही, म्हाताऱ्याचा हात भोपळ्याच्या तोंडात जात नाही. एकमेकांवाचून चालत नाही हे सांगायला ह्याहून सोपं काय हवं? फळी आणि भोपळा, दोन्ही स्वयंपाकघरातलेच.

खडूफळा

मी चित्रकलेचा शिक्षक, चोवीस वर्षं झाली. हा धागा माझ्यासाठी जिव्हाळ्याचा आहे, म्हणून थोडं सविस्तर.

रॉबर्ट फॅरिस थॉम्पसन नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९६० च्या दशकात योरुबा गावांत हिंडून साध्या लोकांसमोर मूर्ती ठेवल्या आणि विचारलं, ह्यातली कुठली चांगली, का चांगली? शेतकरी, व्यापारी, मुखिया, सगळ्यांना विचारलं. तोवर समज असा की आदिवासी लोक कला करतात पण तिची पारख त्यांना शब्दांत सांगता येत नाही. लोकांनी धडाधड कारणं सांगितली. त्यातली काही मी दरवर्षी वर्गात सांगतो.

जिजोरा : मूर्ती माणसासारखी दिसावी, पण अमक्यासारखी दिसू नये. अगदी हुबेहूब झाली तरी बिघडली, फार दूर गेली तरी बिघडली. ओदो : माणूस कितीही म्हातारा असो, त्याला भर उमेदीच्या वयात दाखवायचं. दिदोन : अंगावर चकाकी हवी, उजेड-सावली खेळली पाहिजे. इफाराहोन : बोटं, डोळे, केस, प्रत्येक गोष्ट स्वच्छ ओळखू यायला हवी. आणि ह्या सगळ्यावर ‘तुतू’, म्हणजे थंडावा. चेहरा शांत हवा. संकटात ज्याचं डोकं थंड राहतं तो देखणा.

आपल्याकडे परीक्षेत ‘फोटोसारखं काढलंय’ ही शाबासकी समजतात. मी स्वतः तेच शिकलो, तेच शिकवलं. जिजोराबद्दल वाचल्यावर मला पहिल्यांदा कळलं की हुबेहूब काढणं हा एक पर्याय आहे, एकमेव पायरी नाही. त्यानंतर वर्गात आजीचं चित्र काढायला सांगताना मी म्हणतो, तिच्या सुरकुत्या मोजू नका, ती तीस वर्षांची असताना कशी चालत असेल ते काढा. पोरं जे काढतात ते बघून मी गप्प होतो.

निळाई, तुमच्या बाहुलीबद्दल एक प्रश्न. इफाराहोन म्हणतं सगळं स्पष्ट कोरा, आणि आई ते धुऊन पुसून टाकते. हा विरोध नाही का?

निळाई

खडूफळा, दंडवत. तुमच्या वर्गात बसायला आवडलं असतं.

तुमच्या प्रश्नावर मी दिवसभर विचार केला. मला वाटतं विरोध नाही, कारण आईच्या हाताखाली झिजून उरतं तेही स्पष्टच असतं. इतर चार मूर्तींत ठेवली तरी इया इबेजींची बाहुली मी ओळखीन. कोरणारा नाकडोळे स्पष्ट करतो, आई माया स्पष्ट करते.

आणि केसांची निळाई ती दर वेळी नव्याने भरते. म्हणजे नुसतं झिजणं नाही, एकीकडे झीज, एकीकडे भर.

रोखठोक

लेख चांगला आहे पण मला काही गोष्टी पटल्या नाहीत, त्या सरळ सांगतो.

एक, आज बहुसंख्य योरुबा मुसलमान किंवा ख्रिस्ती आहेत. ओशुनची पूजा करणारे थोडे. मग ‘योरुबा विचारातून आलेली कला’ म्हणजे नेमकं कोणाची? दोन, ओशोग्बोचं एवढं कौतुक करताना ती सगळी चळवळ बाहेरून आलेल्या गोऱ्या लोकांनी उभी केली हे विसरू नये. वेंगर, तिचा नवरा उली बायर, पुढे त्याची दुसरी बायको जॉर्जिना बायर. युरोपला जसा आफ्रिका बघायला आवडतो तसा तो तिथे घडवला गेला, अशी टीका नायजेरियन अभ्यासकांनीच केलीय. तीन, ह्याच युरोपचा फ्रोबेनियस हा जर्मन अभ्यासक १९१० मध्ये इफे ह्या योरुबांच्या पवित्र शहरात गेला, तिथले अप्रतिम मुखवटे-शिरं पाहिली आणि म्हणाला हे बुडालेल्या अटलांटिसच्या ग्रीकांचं असणार. म्हणजे चांगलं दिसलं की ते आफ्रिकेचं नाहीच. अशा नजरेवर किती विसंबायचं?

निळाई

रोखठोक, तिन्ही मुद्दे महत्त्वाचे आहेत आणि बरं झालं लिहिलेत.

फ्रोबेनियसबद्दल पूर्ण सहमत. १९३८ मध्ये इफेच्या वुनमोनिजे वाड्यात घराचा पाया खणताना ती धातूची शिरं एकापाठोपाठ एक निघाली, तेव्हा कुठे हा विषय मिटला. सहा-सातशे वर्षांपूर्वीची कामं. चेहऱ्यावरचा तो थंडावा, खडूफळांनी सांगितलेला तुतू, ज्याने एकदा पाहिलाय तो विसरत नाही.

ओशोग्बोबद्दल. कार्यशाळा बायर मंडळींनी घेतल्या हे खरं. पण जागा कोणाची? दुरो लादिपो ह्या नाटककाराची. त्याच्याच जागेत १९६२ मध्ये ‘म्बारी म्बायो’ हे कलाकेंद्र सुरू झालं. म्बारी हा मूळचा इग्बो भाषेतला शब्द, लोकांनी त्याला योरुबा वळण दिलं : बघितलं तर आनंद होईल. लादिपोच्या नाटक कंपनीत विजेचं काम बघणारा मुलगा जिमो बुराइमो, त्याने योरुबा राजांच्या मुकुटावरचं मण्यांचं काम फळीवर आणलं आणि मण्यांची चित्रं सुरू केली. ती कल्पना कुणा पाहुण्याने त्याच्या डोक्यात घातलेली नाही, ती त्याच्या भोवतीच होती. मी टीका नाकारत नाही. पण फक्त वेंगरचंच नाव घेत राहिलं तर अकांजी आणि ग्बादामोसी दुसऱ्यांदा पुसले जातात. म्हणून मी मुद्दाम नावं लिहिली होती.

शिवाय १९८९ मध्ये इफेच्या विद्यापीठात शिकलेल्या मंडळींनी ‘ओना’ नावाचा गट काढला. मोयो ओकेदिजी, कुनले फिलानी, बोलाजी कॅम्पबेल, तोला वेवे. तिथे गोरं कुणी नव्हतं. ओकेदिजींना दिसलं की इफेतल्या ओरिशा इकिरेच्या देवळाच्या भिंती म्हाताऱ्या बायका दरवर्षी मातीच्या रंगांनी नव्याने रंगवतात. गेल्या वर्षीच्या चित्रावर ह्या वर्षीचं. विद्यापीठात जे शिकवलं जात होतं त्यात ह्या बायकांचं नाव नव्हतं. मग प्राध्यापकच त्यांच्याकडे शिकायला गेले आणि नळीतले विलायती रंग बाजूला ठेवून मातीचे रंग घोटू लागले.

धर्माचं म्हणाल तर इया इबेजी स्वतः दर रविवारी चर्चला जातात. पण मुलाला रागावताना त्या बायबलमधलं वचन सांगत नाहीत, ‘तू ओमोलुआबी आहेस ना?’ असंच विचारतात. आपल्याकडे देव न मानणारा माणूससुद्धा ‘पुण्याई’ म्हणतोच की.

पायवाट

देवराईचं वाचून राहवलं नाही. मी सिंधुदुर्गातला. आमच्या गावच्या राईत कौलारू छोटं देऊळ होतं, मातीच्या भिंतींचं. दरवर्षी पावसाळ्याआधी गावकरी शाकारायचे, बायका जमीन सारवायच्या. मग ठरलं की जीर्णोद्धार करायचा. पैसा उभा करायला राईतलेच जुने वृक्ष विकले. आज सिमेंटचं मोठं देऊळ आहे, टाइल्स आहेत, आत पंखे आहेत. सारवायला काही उरलं नाही, म्हणून बायका जमायच्याही थांबल्या. मी तेव्हा सही करणाऱ्यांत होतो, हे इथे कबूल करतो.

तिथेही सिमेंटच, पण झाडं वाचवायला. आमच्याकडे सिमेंटसाठी झाडं गेली. एवढाच फरक, पण तो फार मोठा आहे.

निळाई

पायवाट, मनापासून लिहिलंत. ओशोग्बोत तर आता वेगळंच संकट आहे. नदीच्या वरच्या अंगाला बेकायदा सोन्याच्या खाणी झाल्या, पाणी तांबूस-गढूळ झालं, त्यात जड धातू मिसळू लागले. ज्या पाण्याची ओंजळ प्यायला लोक उत्सवाला येतात ते पिऊ नका, असं अलीकडे सरकारलाच सांगावं लागलं. तरी काही बायका बाटल्या भरून नेतात. रंगारणीचे रांजण आता दुसऱ्यांदा फुटलेत.

अंधारखोली

छायाचित्रांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून.

मृत जुळ्याच्या मूर्तीऐवजी पुढे पुढे फोटो ठेवायची पद्धत आली. १९७० च्या दशकात इला-ओरांगुन गावात अभ्यासकांना दिसलं की वाचलेल्या मुलाला फोटो स्टुडिओत नेतात, त्याचाच फोटो दोनदा छापून शेजारी शेजारी लावतात. दोन भावंडं मांडीला मांडी लावून बसलेली. जुळं मुलगा-मुलगी असेल तर त्याच मुलाला कपडे बदलून पुन्हा बसवायचं. गावच्या स्टुडिओवाल्याने, कुठल्याही कलाशाळेत न जाता केलेलं हे काम मला फार थोर वाटतं. पूर्वी फिल्म धुण्याच्या अंधाऱ्या खोलीत मी बरीच वर्षं काढली, त्यामुळे तो कागद दुसऱ्यांदा त्याच जागी बसवताना हात कसा धरावा लागत असेल ते मला कळतं.

आणि रोटिमी फानी-कायोदे. १९५५ मध्ये लेगोसला जन्म, वडील इफेच्या धार्मिक अधिकाराच्या घराण्यातले. १९६६ च्या लष्करी उठावानंतर कुटुंब इंग्लंडला गेलं. तो समलैंगिक होता, त्यामुळे घरच्या जगालाही परका आणि लंडनलाही परका. त्याने स्टुडिओत काळी शरीरं, मुखवटे, फळं, पिसं घेऊन जे फोटो काढले त्यात योरुबा पुजाऱ्याच्या अंगात येण्याच्या क्षणाला तो शोधत होता, असं त्याने स्वतः लिहून ठेवलंय. १९८९ मध्ये, पस्तिशीच्या आत गेला. कामाची वर्षं जेमतेम सहा. घराने ज्याला जागा दिली नसती त्याने घरचाच देव घेऊन आपली जागा केली. हे फोटो पाहताना मला इवा लेवाचा अर्थ कळतो : जसा आहेस तसा असणं.

मृण्मयी

अंधारखोली, दोनदा छापलेल्या फोटोबद्दल वाचून हातातला चहा तसाच राहिला.

ओरीबद्दल कुणी सांगेल का? नशीब म्हणजे आपल्या सटवाईसारखं? पाचवीला येऊन कपाळावर लिहून जाते तसं?

दूरदेशी

जवळ आहे, पण एक मोठा फरक. सटवाई लिहिते, आपल्याला विचारत नाही. योरुबा कथेत जन्माआधी माणूस अजाला नावाच्या कुंभाराकडे जातो आणि स्वतःचं डोकं स्वतः निवडतो. अजाला कारागीर चांगला, पण बेभरवशाचा. त्याच्या अंगणात मांडलेली डोकी वरून सगळी सारखीच. काही पक्की भाजलेली, काही कच्ची, काहींना आत तडा. निवडून पृथ्वीकडे निघालं की वाटेत पाऊस लागतो. कच्चं डोकं त्या पावसात झिजतं, आणि मग जन्मभराची कमाई ते बुजवण्यात जाते.

म्हणजे निवड तुमची, पण आतलं दिसत नव्हतं. दोष द्यायला कुणी नाही, आणि दुरुस्तीला मात्र वाव आहे. मला हे फार मोकळं करणारं वाटतं.

खडूफळा

आजच्या कलाकारांपैकी पेजू अलातिसेचं नाव यायला हवं. तिचं ‘फ्लाइंग गर्ल्स’ हे शिल्प २०१७ मध्ये व्हेनिसच्या जागतिक कलाप्रदर्शनात होतं. नायजेरियाचं स्वतःचं दालन तिथे त्या वर्षी पहिल्यांदाच लागलं. आठ मुली, खऱ्या मुलींएवढ्या, पाठीला पंख. मागे गोष्ट आहे ती लेगोसमध्ये घरकामाला ठेवलेल्या नऊ-दहा वर्षांच्या पोरीची. दिवसा भांडी, रात्री स्वप्नात उडणं. बाई शिकलेली वास्तुकला, त्यामुळे मुली जागेत कशा उभ्या आहेत ते बघण्यासारखं. त्यांचे चेहरे पाहा. कुणी रडत नाही, ओरडत नाही. तुतू. तक्रार आहे, पण डोकं थंड ठेवून केलेली.

निळाई

खडूफळा, अगदी. त्या मुलीएवढ्या पोरी मी लेगोसमध्ये घराघरांत पाहिल्यात, आणि खरं सांगायचं तर मुंबईतही पाहिल्यात.

आणि निके डेव्हिस-ओकुंदाये राहिल्या. १९५१ चा जन्म, हातात पणजीपासून आलेलं कापडकाम. लेगोसला त्यांची मोठी गॅलरी आहे, पण मला आवडलं ते ओशोग्बोचं केंद्र. तिथे ‘आदिरे’ शिकवतात. कसाव्याच्या, म्हणजे साबुदाणा होतो त्या कंदाच्या कांजीने कापडावर कोंबडीच्या पिसाने नक्षी काढायची, वाळवायची, मग निळीत बुडवायचं. कांजी असते तिथे नीळ चढत नाही. एका नक्षीचं नाव ‘इबादानदुन’, म्हणजे इबादान शहर गोड आहे. तीत इबादानच्या मापो हॉलचे खांब असतात. इंग्रजांच्या काळात बांधलेली कचेरी, आणि बायकांनी तिचे खांब उचलून लुगड्यावर आणले! मी स्वतः एक कापड रंगवलं. पिसाने सरळ रेघ येत नाही म्हणून रडकुंडीला आले होते. शिकवणारी म्हणाली, रेघ वाकडी गेली तर पुढची तिच्याजवळ जाऊ दे, एकटी सोडू नकोस.

देवघर

मी इथे फक्त वाचते, पहिल्यांदा लिहितेय.

आमच्या देवघरात कुलदेवतेचे चांदीचे टाक आहेत, सासूबाईंच्या सासूबाईंपासूनचे. चिंच लावून, रांगोळीने घासून घासून खंडोबाचा घोडा आता नुसता फुगवटा राहिलाय. गेल्या महिन्यात सोनार म्हणाला, मोडून नवे करून घ्या, झिजलेले पूजेत ठेवू नयेत. सगळे हो म्हणाले. मीच अजून नेऊन दिलेले नाहीत. कारण सांगता येत नव्हतं. काल हा धागा नवऱ्याला वाचून दाखवला.

निळाईताई, ती बाहुली आता कुठे असते? त्या तिची पूजा करतात का?

निळाई

देवघर, तुम्ही लिहिलंत ह्याचा फार आनंद झाला.

गेल्या शतकाच्या उत्तरार्धात अशा किती तरी इबेजी घराबाहेर गेल्या. धर्म बदलला, कुणी टाकून दिल्या, पुष्कळ व्यापाऱ्यांनी उचलल्या. परदेशी संग्राहक झिजलेल्या चेहऱ्याला जास्त भाव देतात, म्हणजे त्या आईच्या हाताची किंमत तिच्या घराबाहेर वसूल होते. इया इबेजींकडेही एक माणूस येऊन गेला होता. त्यांनी त्याला पाणी दिलं, बसवलं आणि परत पाठवलं.

पूजा अशी त्या करत नाहीत, चर्चमध्ये चालत नाही. पण बाहुली कपाटातच आहे, त्याच कापडात. जुळ्यांच्या वाढदिवसाला बाहेर काढून कोमट पाण्याने पुसतात. त्या दिवशी मोठ्या पातेल्यात चवळी शिजते, कारण जुळ्यांना चवळी आवडते अशी तिकडची समजूत, आणि गल्लीतल्या सगळ्या पोरांना वाटली जाते. आम्ही होतो तोवर एक डबा न चुकता वर आमच्याकडे यायचा. लाल पाम तेल, भरपूर कांदा, मिरची, आणि वर तळलेल्या पिकल्या केळ्याचे काप. माझी मुलगी अजून त्या चवळीची आठवण काढते. मी इथे दोनदा करून पाहिली, तशी होत नाही.